कोरडा लेंगा

हे मी बरेच दिवस कुणालाच सांगितले नव्हते. पत्नीला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवे होते त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतानाही स्वतःची किळस येते आहे. येऊ दे.

माझे वडील, आबा, पूर्णगडला मासेमारीच्या होडीवर आयुष्य काढून उतारवयात रत्नागिरीला माझ्याकडे राहायला आले. कान गेलेले, बाकी माणूस स्वच्छ — इतका, की वाळलेला लेंगाही हुंगून पाहिल्याशिवाय घालायचे नाहीत. मी महाविद्यालयात शिकवतो. पन्नाशी ओलांडली आणि मला लघवी धरवेनाशी झाली. धार बारीक, वेळ फार, आणि उठेपर्यंत थेंब सुटलेले. हे कुणाला सांगणार? वर्गासमोर उभा राहणारा माणूस मी —

एका संध्याकाळी आबा आणि मी दिवाणावर बसून क्रिकेट पाहत होतो. मी उठलो, तोवर उशीर झाला होता. कपडे बदलून बाहेर आलो, तर पत्नी गादीवरच्या ओल्या डागाकडे पाहत उभी. "आबांनी भिजवलंनी वाटतं," ती हळूच म्हणाली. मी काय करायला हवे होते? मी — मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "आबा, सांगायचं तरी!"

त्यांनी हात मागे नेऊन लेंगा चाचपला. तो कोरडा होता. मला ते ठाऊक होते, त्यांच्या हातालाही ठाऊक होते. तरी त्यांनी हातापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. "वय झालं रे," म्हणाले.

पुढे सोपेच गेले. न्हाणीघरातला वास, खुर्चीवरचा डाग — सगळे आबांचे. त्यांची खाट पडवीत गेली, गादीवर रेक्झिन आले. दुपारनंतर त्यांनी पाणी पिणेच सोडले. ओठ सुकलेले दिसत. मी पाहत होतो.

सोनोग्राफीचा आग्रह पत्नीनेच धरला. तपासणीसाठी लघवीची पिशवी भरलेली हवी, म्हणून पाण्याच्या बाटल्या मी हातात देत गेलो, आबा भीत भीत पीत गेले — "इथंच झालं तर रे?" ते ताटकळत बसले, एक थेंब न सांडता. मध्ये उठून जावे लागले ते मला. डॉक्टरांनी पोटावर जेली लावून पाहिले, लघवीला पाठवले, पुन्हा पाहिले. "आजोबा, पिशवी अगदी रिकामी! प्रोस्टेटही वयाच्या मानाने ठीक. कोण म्हणतं तुम्हाला धरवत नाही?"

आबांना ऐकू आले नाही. रिक्षात त्यांनी विचारले, "काय म्हणाले रे?"

मी पुन्हा त्याच कानाशी वाकलो. "वयामुळे आहे, म्हणाले."

घरी पत्नीलाही तेच सांगितले. रेक्झिन तसेच राहिले. याहून घाणेरडे काय असते? मी शोधले आहे. मला सापडलेले नाही.

माझा त्रास वाढला तेव्हा मी कोल्हापूर गाठले. रत्नागिरीत कुणी ओळखले असते ना! तीच थंड जेली माझ्या पोटावर. "लघवी केल्यावरही बरीच उरते आहे," तिथले डॉक्टर म्हणाले. "कधीपासून त्रास आहे?" "आत्ताच सुरू झाला," मी म्हणालो. खोटे बोलायला तिथे कुणी भाग पाडले होते?

परतलो तेव्हा पत्नी पडवीत आबांना चहा देत होती. "अर्धाच दे गो," ते म्हणत होते, "परत तुलाच पुसायला लागेल."

मी बोललो. असले काही मोठ्याने बोलायची मला सवय नाही.

"काय?" आबा म्हणाले.

पुन्हा बोललो.

"ऐकू नाय येत रे. जवळ ये."

त्या कानाशी पुन्हा वाकणे मला जमेना. उभा राहिलो, आणि पत्नीला, शेजारच्या अंगणात, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो — "आबा, ते तुम्ही नव्हतात! दिवाण मी भिजवला. नंतरचंही सगळं माझंच. तुम्हाला काही झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझं चुकलं, आबा."