सगुणा सिस्टरांच्या पुड्या

नवंकोरं पुस्तक कात्रीनं कापणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. पुण्याहून पार्सल आलं होतं. सगुणा सिस्टरांनी सुतळी सोडली, आतली कादंबरी बाहेर काढली, डोळे मिटून तिचा वास घेतला, "वा बाप्पा!" म्हणाल्या आणि दवाखान्यातली लांब कात्री घेऊन त्या कादंबरीची शिवण उसवायला बसल्या. मी किंचाळलेच. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायचा, हे आमच्या घरात शिकवलेलं.

"वरडून काऊन राह्यली?" सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "आपरेशन चालू हाय. पेशंटला भूल देल्ली हाय."

सिस्टर मिशनच्या दवाखान्यातून रिटायर होऊन आंध्रातल्या आमच्या भैंशाला आल्या, तेव्हा मी आठवीत होते. देवळाशेजारच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो. उंच हाडापेराच्या, कांजी केलेलं पांढरं लुगडं, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरून नाडी बघायची त्यांना सवय होती. पाळकसाहेब उपदेश संपवून दाराशी हात मिळवायला उभे राहिले, की सिस्टर त्यांचीही नाडी बघत आणि म्हणत, "आज लांबलं साहेब. तुमालेच दम लागला, आमचं काय झालं असंल!"

देवळात एक शिसवी कपाट होतं. कुण्या जुन्या गोऱ्या मड्डमेनं मागे ठेवलेलं. त्यात पुस्तकं होती, ख्रिस्ती कथा-कादंबऱ्या, पण ती झुरळांशिवाय कुणी उघडली नव्हती. आम्ही पोरंपोरी उपासना संपायच्या आतच मागच्या दारानं बस स्टँडजवळच्या व्हिडिओवर सिनेमा बघायला पळायचो. शिवाय आमची एक खरी अडचण होती. शाळेत तेलुगू, व्हिडिओवर हिंदी, घरात मराठी; पण मराठी घरात बोलायची, वाचायची नव्हे. जाड मराठी पुस्तक बघितलं की आम्हाला शिव्या दिल्यासारखं वाटे.

सिस्टरांनी कपाटाची किल्ली मागितली आणि तंटा उभा राहिला. किल्ली गिरदावरसाहेबांकडे होती. तहसिलीत गिरदावर म्हणून त्यांनी जन्मभर शेतांचे पंचनामे केलेले. रिटायर झाल्यावर ते आमच्या ख्रिस्ती मंडळीचे मुख्य पंच झाले आणि देवळाचाही कारभार त्याच शिस्तीत चालवू लागले. त्यांना कपाट हवं होतं लग्नाच्या भांड्यांसाठी.

"जे घडलंच नाई ते पोरायले वाचायले देता?" ते भर पंचांत म्हणाले. "या गोष्टीचा गवाह कोन? तारीख कोनती? मौजा कोनता? बेगवाह गोष्ट म्हंजे खोटं. देवळात खोटं ठेवाचं?"

"साहेब," सिस्टर म्हणाल्या, "शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तो मेंढपाळ कोन्या मौजाचा होता? त्याचा पंचनामा कोन्या गिरदावरानं केला? आपल्या प्रभूनं बी गोष्टीच सांगितल्या ना?"

पंच हसले. गिरदावरसाहेब हसले नाहीत, पण कायद्याचं माणूस. त्यांनी मुदत दिली. कापणीच्या सणापर्यंत पोरं वाचायला लागली तर कपाट पुस्तकांचं, नाही तर भांड्यांचं. सिस्टरांनी मान डोलावली. त्यांना घरदार नव्हतं, मूलबाळ नव्हतं. हे एवढं कपाट हवं होतं. मला त्यांनी एकदा सांगितलं होतं, की टीबीच्या वॉर्डात त्या रोज संध्याकाळी पेशंटांना कादंबरीचं एक प्रकरण वाचून दाखवायच्या. "उद्याचं बाकी असलं की मानूस उद्याची वाट पाह्यते, लीले. हे औषध कोन्या कंपनीचं नाई."

सुरुवातीला सिस्टर साफ हरल्या. त्यांनी आम्हाला एकेक आख्खं पुस्तक दिलं. आठवड्यानं आम्ही ती जशीच्या तशी परत केली. आमच्यातल्या सुधाकरच्या पुस्तकात तर सरकी निघाली. त्यानं ते पुस्तक घरी कापसाच्या ढिगावर झोपताना उशाला घेतलं होतं. त्याच संध्याकाळी पुण्याचं ते पार्सल आलं आणि सिस्टरांनी कात्री काढली. "चूक माझी हाय. पुरी बाटली हाती देल्ली, की पेशंट एक तर फेकते, नाई तर ढोसते. डोस द्याव."

मग कादंबरीचे पातळ पातळ तुकडे झाले. प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर, टाके घातल्यासारखी सुबक दोऱ्याची शिवण आणि वर पुस्तकाचं नाव, ठळक नंबर. या झाल्या पुड्या. पुडी नेमकी अशा जागी संपायची की पुढचं कळल्याशिवाय जेवण जाऊ नये. पहिली पुडी सिस्टरांकडून घ्यायची, पुढची ज्यानं वाचली असेल त्याच्याकडून. म्हणजे आम्ही एकमेकांच्या मागे लागणार. शेवटची पुडी मात्र फक्त सिस्टरांकडे. ती हवी तर त्यांच्यासमोर बसायचं, मनगट त्यांच्या हातात द्यायचं, आणि त्या एकच विचारायच्या, "तू त्याच्या जागी असती तर काय केलं असतं?" उत्तर बरोबर-चूक नसे, खरं लागे. थाप मारली की म्हणायच्या, "नाडी खोटं बोलून राह्यली. उद्या ये."

गोष्टीचा बोध काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, तर त्यांना म्हणाल्या, "बोध म्हंजे एरंडेल, साहेब. पोटात गेलं की आपोआप काम करते. कुठवर आलं म्हनून विचारू नाई."

पहिली कादंबरी घंटाचोराची होती. शमुवेल नावाचा पोरगा आपल्याच गावच्या देवळाची घंटा चोरून पळून जातो. बाप त्या देवळाचा राखणदार. चौथ्या पुडीत शमुवेल घंटा विकतो आणि आलेला पैसा जुगारात उधळतो. पुढे वर्षं लोटतात, आणि शेवटून दुसऱ्या पुडीच्या शेवटी तो फाटक्या कपड्यांनी गावाच्या वेशीशी उभा राहतो. बाप दार उघडतो की नाही? ते शेवटच्या पुडीत, आणि ती सणापर्यंत एकालाही मिळाली नाही; आमची नाडी रोज खोटंच बोलायची.

आता गंमत ऐका. दुसरी कादंबरी पटकीच्या साथीची होती. दोन्हींच्या चौथ्या पुडीवर सिस्टर नाव लिहायचं विसरल्या, नुसता चारच घातलेला. दोन्ही चार नंबर एकमेकांत मिसळून फिरू लागले. पटकीच्या पुडीत एक तरुण रोग्यांच्या छावणीत येतो, कुणालाही नाव सांगत नाही आणि मुकाट पाणी भरतो, रोग्यांची घाण काढतो. ज्यांना ती पुडी मिळाली त्यांना वाटलं, हाच शमुवेल. लाजेनं नाव लपवतोय. शंकासुद्धा आली नाही कुणाला! घंटेचं काय झालं असं मी विचारलं, तेव्हा सुधाकर ठासून म्हणाला, "विकून औषधं घेतली असंल!"

मग जो दंगा झाला! अर्ध्यांचा शमुवेल जुगारी, अर्ध्यांचा संत. शाळेच्या वाटेवर, नळावर, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपाशी एकच वाद: बापानं दार उघडावं की नाही. गिरदावरसाहेबांची धाकटी सुनंदा माझी जिवलग मैत्रीण. तिच्याकडे खरी पुडी गेलेली. "असल्याले घरात घेतलं तर पुन्हा चोरंल," ती म्हणायची. सुधाकर तिला "पत्थरदिल" म्हणाला. तिनं त्याच्या पाठीत दप्तर घातलं. भांडण कशावरून ते कळावं म्हणून ज्यांनी आजवर कधी पुस्तकाला हात लावला नव्हता तीही पोरं पुड्या मागायला आली. ओळखीची काही हिंदू पोरंसुद्धा रांगेत लागली. व्हिडिओवाला आमची चौकशी करायला लागला.

सिस्टरांना घोटाळा कळला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "जन्मात दोन बाटल्यायले एक लेबल लावलं नाई, अन् म्हातारपनी हे!" मग पोट धरधरून हसल्या. "पन भांडून राह्यले ना गं? पुस्तकावरून भांडून राह्यले!" आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना गुळाचा चहा पाजला.

सणाच्या थोडं आधीची गोष्ट. मी सिस्टरांकडे बसून कव्हरं चढवत होते. दारात गिरदावरसाहेब. टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं कपाटाची जप्ती आली.

"सुनंदाच्या दप्तरातल्या पुड्या तपासल्या," ते म्हणाले. "तपासायचं कामच हाय माझं. शेवटची दिसून नाई राह्यली."

सिस्टरांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि साहेबांचं मनगट धरलं. "तुमी बापाच्या जागी असते तर?"

साहेबांनी मोकळ्या हातानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मी मान खाली घालून हातातल्या दोऱ्याला उगाच गाठी मारत बसले, कारण सगळ्या भैंशाला माहीत होतं. त्यांच्या थोरल्या मुलानं, प्रभाकरनं, हैदराबादेत परस्पर लग्न केलं होतं, आणि या घराचं दार तुला बंद, असं साहेबांनी त्याला चारचौघांत सांगितलं होतं. त्यानंतर तो आला नव्हता. सुनंदाची आई त्याचं नाव फक्त प्रार्थनेत घ्यायची, तेही मनात.

"पोरं म्हन्तात दार उघडाव," साहेब अखेर म्हणाले. "पन त्यायनं चुकीची पुडी वाचली. त्यायचा शमुवेल सेवा करून आला. माझा तर जुगार खेळून आला. मी बरोबर पुडी वाचली, सिस्टर."

"म्हनून तर तुमाले विचारून राह्यली," सिस्टर हळूच म्हणाल्या. "सेवा करून आलेल्याले कोनीबी घरात घेते, साहेब. बरोबर पुडी वाचून जो दार उघडंल, तो बाप."

साहेबांनी हात सोडवून घेतला. "पुडी देता का?"

"जवाब नाई त्याले पुडी नाई. कायदा म्हंजे कायदा."

कापणीच्या सणाला आमच्या मंडळीत प्रत्येक घर आपलं पीक देवळात आणतं, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. ज्वारीची कणसं, कापसाचं गाठोडं, भोपळे, पाय बांधलेला कोंबडा. लिलाव दरवर्षी गिरदावरसाहेबच पुकारत. त्या वर्षी भोपळा आणि कोंबडा यांच्यामध्ये वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली एक पुडी होती.

"हे कोनाचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं," सिस्टर म्हणाल्या. "माझं पीक हेच हाय."

आम्ही पोरं पुढे घुसलो. सुधाकरनं नुकताच घेतलेला कोंबडा डोक्यावर धरून "हा घ्या, पुडी द्या!" म्हणून आरडाओरडा केला. सुनंदानं कानातले डूल काढायला घेतले, तिच्या आईनं हात धरला. एवढ्या गलक्यात साहेबांचा आवाज आला, "ही पुडी मी घेतली." पुकारणाऱ्यानं बोली लावायची नसते, हा नेम त्यांचाच. कुणीतरी तसं म्हणालंही. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कणसं मोजायला लागला.

"वाचा मंग!" पोरं ओरडली. साहेबांनी चष्मा लावला आणि पंचनामा वाचावा तशा कोरड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. घंटा गेल्यापासून बाप रोज संध्याकाळी देवळापुढे रुळाचा एक तुकडा टांगून वाजवत होता. अंधारात वेशीवर उभ्या शमुवेलला तो आवाज ऐकू येतो. आवाजाच्या मागे मागे तो येतो. बाप हातोडी खाली ठेवतो, त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो... इथं साहेब थांबले. त्यांनी खाकरून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. काही जमेना. अंगणात कोंबडा तेवढा फडफडत होता. मग सुनंदा पुढे झाली, बापाच्या हातातली पुडी धरून तिनं ती ओळ वाचली, "जेवलास का?"

मला आजही ती ओळ आठवली की डोळे भरून येतात, काय करू. त्या दिवशी तर सगळं अंगण नाक ओढत होतं. साहेबांनी चष्मा खिशात घातला आणि पुकारलं, "भांड्यांसाठी दुसरी जागा पाहा. पुढचा माल, भोपळा!"

त्या नाताळाला प्रभाकर बायकोला घेऊन घरी आला. गावात लोक म्हणाले, कादंबरीनं चमत्कार केला. सिस्टरांना ते आवडलं नाही. "कादंबरी कायले? बापानं पत्र टाकलं म्हनून आला. टपाल खात्याले बी श्रेय द्या थोडं."

पुढं किती तरी वर्षं ते कपाट चाललं. सिस्टर थकल्या तेव्हा मी माझ्या सासरहून, निर्मल गावाहून, त्यांना भेटायला गेले. आवाज बारीक झाला होता. पण माझं मनगट धरलंच. "चांगली हाय. वाचून राह्यली ना?" म्हणाल्या. घंटाचोराच्या जुन्या पुड्या त्यांनी माझ्या पदरात घातल्या, दोन्ही चार नंबरांसकट. "चुकीची बी असू दे. पोरायले दोनी द्याव." त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. त्यांच्या मातीला आम्ही सगळी पोरं होतो, पोराबाळांची झालेली, आणि परतताना सुधाकर आणि सुनंदा पुन्हा शमुवेलवरून भांडले. मला फार बरं वाटलं.

शेवटची पुडी मात्र त्या गठ्ठ्यात नाही. गिरदावरसाहेबांनी ती कधी परत केली नाही आणि सिस्टरांनी कधी मागितली नाही.

परवा माझी मुलगी धावत स्वयंपाकघरात आली. नववीत आहे, मराठी वाचायचा तिलाही कंटाळा. हातात कव्हर सुटलेली जुनी पुडी, केस विस्कटलेले. "आई, तो वेशीपर्यंत आलाय! शेवटची कुठं ठेवलीस? लवकर दे!"

मी पिठाचे हात पुसले आणि तिचं मनगट धरलं. नाडी छान पळत होती.

"आधी मला सांग," मी म्हणाले, "तू त्याच्या बापाच्या जागी असतीस तर?"