पहिल्या तारेवरची डिस्क

गल्लीत त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. बिघडलेला कॉम्प्युटर आणून टेकवला की तो एवढंच म्हणे, "होईल, सावकाश होईल." तीस वर्षांत त्यानं कुणाची एक फाइल हरवली नव्हती. म्हणून तर धाकट्या बहिणीनं आपला कॉम्प्युटर डोळे झाकून त्याच्या हवाली केला होता. भरतकामाच्या यंत्रांसाठी ती नक्षी करायची. अकरा वर्षांची फुलंपानं त्या कुथणाऱ्या जुन्या डिस्कवर होती. ती सगळी जशीच्या तशी नव्या, वेगवान एसएसडी डिस्कवर उतरवायला त्यानं कालचा अख्खा दिवस घातला होता.

आज पडद्यावर एकच ओळ : बूट करायला डिस्क सापडत नाही.

"दादा, उठेना का रे?"

"नवीन आहे, लाजतेय."

"लाजू दे, पण उठू दे!"

त्यानं तार बदलली. सेटिंगमध्ये शिरून नवी डिस्क क्रमात वर आणली. सुरू व्हायची पद्धत बदलून पाहिली. ओळ ढिम्म हलेना. शेवटी नवी काढून त्यानं जुनीच परत जोडली.

तीच ओळ.

त्यानं वाकून डब्यातल्या तारा पाहिल्या. जुनी डिस्क पहिल्या तारेवर, नवी दुसरीवर, हा त्याचा ठरलेला रिवाज. पण या डब्यातली पहिली तार आखूड. जुनीपर्यंत पोचेना, म्हणून काल त्यानं तिला नवी लावली होती. साठवायची जागा दोन्हींवर सारखीच, त्यामुळे यादीत फरक दिसेना. आणि प्रोग्रामनं ‘कुठून कुठे?’ विचारल्यावर हातानं सवयीनं दाबलं : पहिलीवरून दुसरीवर. दिवसभर त्यानं नवीचं कोरेपण जुनीवर उतरवलं होतं, पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत.

"दुसरीकडे कॉपी ठेवलीयेस ना?"

"तू असताना कशाला ठेवू?"

त्यानं जुनीची तार सोडवली. तिनंच विचारलं, "डिस्क मेली का? म्हातारीच झाली होती."

हो म्हटलं असतं तर खपलं असतं. गिऱ्हाइकांना ते लगेच पटतं.

"डिस्क चालत होती," तो म्हणाला. "मी उलटं केलं. सगळं पुसलं गेलं. माझ्या हातून."

"परत किती येईल?"

"काहीच नाही."

तिनं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. मग पर्स उचलून म्हणाली,

"मशीन उघडू नकोस आता. मी कुणाला तरी पाठवते न्यायला."

‘दादा’ म्हणाली नाही.