उघड्या हातानं शिवू नका

अमरावतीच्या बसस्थानकावर अकोल्याची गाडी लागत होती, तेवढ्यात सुजाताच्या भावाचा फोन आला. ‘ताई गेली, मॅडम...’ माझ्या पायाशी बर्फाची पेटी होती. तिच्यात नळ्यांमध्ये भरलेली, वरूडच्या बागेतली संत्र्याची मुळं होती. दवाखान्यातून सुजातानंच आणायला सांगितलेली. अकोल्याला उतरून मी आधी प्रयोगशाळेत गेले, मुळं डीप फ्रीझरमध्ये ठेवली आणि मग तिच्या घरी गेले. दुसरं काही तिनं चालवून घेतलं नसतं.

आमची टेबलं शेजारी होती. ज्यांच्यापासून प्रथिनं बनतात ती जनुकं मी अभ्यासायची. ती मात्र प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएच्या बारीक तुकड्यांमागे. आमचे विभागप्रमुख सर त्यांना कचरा म्हणत. तिचं म्हणणं साधं होतं. मूळ कुजवणारी बुरशी आत शिरते तेव्हा झाड असे तुकडे तिच्यात सोडून तिची जनुकं गप्प करतं, आणि बुरशीही तोच डाव झाडावर उलटवते. ‘एवढं भांडन चालू हाये, अन् तुमी म्हनता कचरा!’ तेल्हाऱ्याची बोली तिनं बैठकीतही बदलली नाही. शोकसभेत कुणी म्हणालं, हट्टी होती पण कष्टाळू होती. तो ‘पण’ मला मान्य नाही.

आरएनए फार नाजूक. माणसाच्या नुसत्या बोटानंही नासतं. एकदा पाहुण्यांना दाखवायला सरांनी तिची उघडी नळी हातमोज्यांविना उचलली, बोट थेट नळीच्या तोंडावर. तिनं ती सगळ्यांदेखत टाकून दिली. ‘हात धुतलेले आहेत माझे,’ सर म्हणाले. ‘कोनाचाबी हात असो सर, तो नासवतेच.’ त्या नमुन्यासाठी तिला पुन्हा वरूड गाठावं लागलं. पण त्या दुपारी चहा पिताना ती हसतच सुटली. ‘माह्या आज्याले विहिरीवर लोकं म्हनत, शिवू नको. आता पाय, मी सायबाले सांगून राहिली!’ हसावं की नाही, मला कळेना. ‘हास नं वं,’ ती म्हणाली, ‘त्याच्यासाठीच तं सांगतलं.’

परवा सरांनी फ्रीझरमधला तिचा कप्पा रिकामा करायला सांगितलं. ‘आता तिचं हे संशोधन कोण करणार?’

‘मी.’

‘तुमचा विषय नाही हा.’

‘होईल.’

त्यांनी फ्रीझर उघडला, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं... आणि वरूडच्या नळ्यांकडे हात नेला. हातमोज्यांचा खोका अजून तिच्याच टेबलावर असतो. तो मी त्यांच्यापुढे धरला.