टॅगवरचं नाव

माझा नवरा वारल्यानंतर मुलगी काही दिवस घरीच होती. मग तिला बासरच्या कॉलेजात परत सोडायचं ठरलं. आधी ते काम त्यांचं असे. मी आदिलाबादकडं, बेल्याजवळच्या एका शाळेत शिकवते. गाडी शाळेपुरतीच न्यायचे, हायवेवर पहिल्यांदाच काढली. मुलगी सवयीनं मागं बसली. माझ्या बाजूच्या सीटवर तिची बॅग होती.

टोलनाक्यावर दांडा वर गेलाच नाही. मी गाडी थोडी मागं घेतली, पुन्हा पुढं आणली. नाक्यावरचा माणूस हातातलं मशीन काचेवरच्या टोलच्या टॅगला लावून बघत होता.

"मॅडम, टॅग बंद है. ओनर को फोन लगाओ, उनके मोबाइल पे ओटीपी आएगा."

त्यांचा मोबाइल घरी कपाटात होता. सिम मीच बंद करून टाकलं होतं.

"वो नहीं हैं," मी म्हटलं.

"कब आएंगे?"

मागं ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. मी स्टिअरिंगवरच्या माझ्या नखांकडं बघत बसले. तेवढ्यात मुलीनं मागची काच खाली केली.

"पापा गुजर गए, भैया."

तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. आज दुकान बंद आहे म्हणून सांगावं, तसं ती बोलली. तो "अय्यो" म्हणाला आणि त्यानं कडेच्या छत्रीकडं हात केला.

छत्रीखाली टॅग विकणारा बसला होता. त्यानं ब्लेडनं जुना टॅग खरवडला. तुकडे बोटाला चिकटले, ते टेबलाच्या पायाला पुसले. गाडीचे कागद अजून त्यांच्याच नावावर होते, पण टॅगला माझा नंबर चालला.

"नाम बोलो," तो म्हणाला. मी माझं सांगितलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. ऊन फार आहे, एवढंच कळत होतं.

गाडी निघाल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तू काऊन काई बोलून नाई राह्यली होती?"

"सुचलंच नाई गं."

"मलेबी नवतं बोलाचं."

वाटेत निर्मल गावाला थांबलो. तिथं इडली खाल्ली. मी तिच्यापेक्षा जास्त खाल्ली.

हॉस्टेलच्या गेटवर तिनं बॅग घेतली आणि आत गेली. परतताना त्याच नाक्यावर दांडा आपोआप वर झाला. मोबाइलवर टोल कटल्याचा मेसेज वाजला. मी तो उघडला नाही. गिअर बदलला आणि आदिलाबादच्या दिशेनं गाडी चालवत राहिले.