घरटी एक माणूस

मला माझ्या साडूंनी फसवलं. दिवसाढवळ्या, माझ्याच वखारीत, माझ्याच घरची कॉफी पीत फसवलं, आणि वर पेला खाली ठेवताना कॉफीत चिकोरी जास्त आहे म्हणून सांगितलं. कल्लणैच्या बंधाऱ्यापासून थेट समुद्रापर्यंत कावेरीच्या दोन्ही काठांवर एवढा भोळा दिसणारा आणि एवढा बिलंदर माणूस दुसरा झाला नाही, हे मी पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तंजावूरच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी सातवीत शाळा सोडली. सायकलला मोळ्या बांधून मेसच्या मागच्या दारांशी जळण विकलं, सोलापूरला एका लाकडाच्या वखारीत दोन वर्षं हमाली केली, घरी मराठी बोलूनही आम्हा तंजावूरकरांना न येणारी देवनागरी तिथं वाचायला शिकलो आणि परत येऊन करंदै भागात स्वतःची वखार टाकली. तरीही सासरी पंगत बसली की साडूंचं केळीचं पान सासऱ्यांच्या शेजारी आणि माझं थेट हात धुण्याच्या नळाशेजारी. याबद्दल मी कधी काही बोललो नाही. लक्षात मात्र ठेवलं.

या माणसाला आयुष्यात भाव करता आला नाही. बाजारात म्हातारी वांग्याचा जो भाव सांगेल तो देऊन हे वर तिलाच धन्यवाद देत. त्यांच्या मागून येणाऱ्या गिऱ्हाइकाचं म्हातारी मग तासभर ऐकत नसे. मी एकदा त्यांना सांगितलं की तुमच्यामुळे सगळ्या पेठेचे भाव चढतात. त्यावर, धाकट्या भावाला हाक मारावी तसं म्हणाले, "तंबी, तिनं वांगी पिकवली, तिला किंमत ठाऊक असणारच." अशा माणसाला मी बावळट समजलो, यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दुसरं वेड तणाचं. रस्त्याच्या कडेला गाजरगवत दिसलं की यांची मोपेड थांबलीच. मागे बायको बसलेली असो, डब्यात गरम इडल्या असोत, मुहूर्त टळत असो, हे उतरणार, गवत मुळासकट उपटणार, माती झटकणार आणि जुडी मोपेडच्या पिशवीत घालणार. माझ्या मेहुणीच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर पहिल्यांदा देवळात जाताना त्यांनी तिच्या हातात फुलांची परडी दिली ती तण उपटायला हात मोकळे व्हावेत म्हणूनच. त्या गवतानं अंगाला खाज सुटते, म्हणून हे बारा महिने कोपरं खाजवत असत. माझ्या मुलीच्या लग्नाची वरात नादस्वरवाल्यांसकट यांनी चौकात अडवली, कारण नवऱ्यामुलाच्या गाडीखाली एक रोप फुलावर आलं होतं. "आज बी पडलं तर पुढच्या वर्षी शंभर," असं ते व्याह्यांना सांगत होते. व्याह्यांना वाटलं, हा काही आमच्याकडचा आशीर्वाद असेल. त्यांनी हात जोडले.

गॅसची सिलिंडरं मागेल त्याला मिळू लागली आणि गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघाले, त्या वर्षांत साडू निवृत्त झाले आणि सहा महिने ऑस्ट्रेलियाला मुलीकडे गेले. जावई तिथं खूप आत, रखरखीत माळावरच्या एका गावात गुरांचा डॉक्टर आहे. परत आले ते डोक्यावर रुंद काठाची टोपी घालून. कमरेला पांढरी वेष्टी, वर ती टोपी आणि बुडाखाली मोपेड, असं ध्यान राजवाड्यासमोरून जाऊ लागलं की टांगेवालेसुद्धा घोडे थांबवत. आम्ही सगळे फोटो बघायला जमलो. समुद्र नाही, पूल नाही, कांगारूसुद्धा नाही. दोन पाकिटं भरून नुसत्या बाभळी. माझी मेहुणी एका फोटोत होती, तीही अर्धी, कारण उरलेल्या अर्ध्यावर फांदी आली होती.

"हे रामनाथपुरमच्या रस्त्यावरचे असतील," मी म्हणालो.

साडू गंभीर झाले. त्या बाभळी आपल्याच, असं त्यांनी सांगितलं. कुणीतरी कधीतरी सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी म्हणून आपल्याकडचं बी तिकडे नेलं आणि आता तिथल्या माळावर गवत राहिलं नाही, नुसते काटे. हे सांगताना त्यांना खरोखर लाज वाटत होती, आपल्या घरच्या मुलानं शेजारी चोरी करावी तशी. पण तिथले लोक म्हणे सरकारची वाट बघत बसत नाहीत. मैलोन्मैल अंतरावरची घरं, तरी ठरल्या दिवशी घरटी एक माणूस येतो, सगळे मिळून एकाची जमीन साफ करतात, पुढच्या वेळी दुसऱ्याची. "आपल्या आजोबांचं कुडिमरामत्तु आणखी काय होतं?" ते म्हणाले. आमच्याकडे पूर्वी धरणाचं पाणी सुटायच्या आधी प्रत्येक घरातून एक माणूस कालव्याचा गाळ काढायला जायचा, त्याचं हे नाव. आता गाळ सरकार काढतं, म्हणजे कुणीच काढत नाही.

एवढ्यावर थांबले असते तर माझं काही बिघडलं नसतं. पण ओरत्तनाडूच्या पलीकडे एका गावाचं तळं आहे, आणि त्या तळ्यावर माझा संसार चालत होता. तळ्यात पाणी नव्हतं. पाणी नव्हतं कारण तळ्यात वेड्या बाभळीचं रान होतं. गावातले लोक तिला सीमै करुवेलम म्हणतात. सीमै म्हणजे परदेशातली, कारण ही आपली नव्हे, बाहेरून आलेली. शेतकऱ्याला ती शत्रू वाटते. मला ती लक्ष्मी. तिचा कोळसा कडक निघतो, इस्त्रीवाल्यांना तोच लागतो. शिवाय ती तोडायची ती गुडघ्याएवढं खोड ठेवून. खोड जमिनीत राहिलं की तीन-चार वर्षांत रान पुन्हा उभं. खत नको, पाणी नको, राखण नको. हॉटेलं एकेक करून गॅसवर गेली तेव्हा माझ्याकडे धंदा म्हणून काही उरलं असेल तर ते रान. दर खेपेला गावकऱ्यांशी घासाघीस करून मीच ते तोडायला घेत असे. तोडीची पाळी पुन्हा आली आणि साडू वखारीत येऊन बसले.

"तंबी, या वेळी लाकूड तुझं. तोडायचं काम गावाचं," ते म्हणाले. "मुळं खणायचं कामही गावाचं. दर रविवारी घरटी एक माणूस येईल. मी पंचांशी बोललोय."

"मग मी काय करायचं?"

"ट्रॅक्टर आणि साखळी आणायची. आणि बांधावर उभं राहून हजेरी घ्यायची. जो आला नाही त्याच्या नावानं ओरडायचं. ते तुला येतंच."

मी सौदेबाज माणूस. फुकट मजूर मिळत असताना एवढ्यावर गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. लाकूड गावानंच रस्त्यापर्यंत वाहायचं, असं मी म्हणालो. ते हो म्हणाले. बारीक फांद्याही माझ्या. हो. मुळांची लाकडं माझी. हो. मला दोन वेळा चहा, आणि तो गुळाचा नको, साखरेचा. तेही हो. इतक्या वेळा हो म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय यायला हवा होता. पण वांग्यांचा भाव करता न येणारा माणूस समोर बसला होता, कोपर खाजवत.

मुळं निघाली की रान परत येत नाही, हे मला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. पण आमची माणसं मी ओळखून होतो. आमच्याकडे कुठलीही समिती निघाली की पहिल्या रविवारी सगळं गाव येतं, फोटो निघतो, दुसऱ्या रविवारी अर्धं येतं आणि तिसऱ्या रविवारी अध्यक्षाचा मेहुणा तेवढा निरोप घेऊन येतो. म्हणजे दोन रविवारचं लाकूड फुकट, आणि उरलेलं रान, खोडं जमिनीत ठेवून, मला नेहमीप्रमाणे. माझं गणित हे असं होतं.

साडूंचं गणित निराळं होतं. त्यांनी तळ्याचे पट्टे पाडले आणि दवंडी पिटवून वाटले. वाटताना काय केलं, तर ज्या भाऊबंदांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं त्यांना शेजारी शेजारी पट्टे दिले. बांधाच्या भांडणात दोन पिढ्या कोर्टात गेलेली घरं, लग्नात मान मिळाला नाही म्हणून रुसलेली घरं, सगळी सख्खी शेजारी. मग काय, थोरला पहार टाकेपर्यंत धाकटा टाकेना. एकानं चार खोडं काढली की दुसरा पाच काढल्याशिवाय पाणी पीत नसे. तिसरा रविवार आला, चौथा आला, माणसं कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आणि नियम असा केला की जो येणार नाही त्यानं पुढच्या रविवारी बांधावर उभं राहून, सगळ्यांसमोर, का आलो नाही ते मोठ्यानं सांगायचं.

यात माझा हात किती, ते लिहायला लाज वाटते. जास्त माणसं म्हणजे जास्त लाकूड, या हिशेबानं मी बांधावर उभा राहून घसा फुटेस्तोवर नावं पुकारत होतो. घरी झोपलेल्यांना दारात जाऊन शिव्या देत होतो. एका म्हाताऱ्यानं पाठ दुखते म्हणून सांगितलं, तर मी म्हटलं, सुनेला पाठव. त्यानं खरंच पाठवलं, आणि ती चार पुरुषांना भारी पडली. गावकरी मला मालकाच्या मानानं हाक मारून म्हणत, "मुदलाळी, तुम्ही नसता तर आम्ही केव्हाच सोडून दिलं असतं." मी खूश होत होतो. स्वतःच्या अन्नाची मुळं मी ट्रॅक्टरला साखळी लावून ओढत होतो आणि वर साखरेचा चहा पीत होतो.

साडू टोपी घालून रानात फिरत. शेळ्यांच्या लेंड्या काडीनं फोडून त्यात बाभळीच्या बिया आहेत का बघत. एके दिवशी त्या टोपीवर एका शेळीनंच सूड घेतला. अर्धा काठ खाल्ला. उरलेली टोपी ते तशीच घालत राहिले, आणि ऊन ज्या बाजूला असेल त्या बाजूला काठ फिरवत.

ऐप्पसीचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, पाऊस आला तेव्हा तळ्यात एक खोड उरलं नव्हतं. पाणी साठलं. बायका घागरी घेऊन आल्या, पोरांनी उड्या मारल्या. एवढ्या आनंदात एकटा मी बांधावर उभा राहून पाण्याखाली माझी पुढची तोड शोधत होतो. तसाच निघालो आणि साडूंच्या घरी भांडायला गेलो. हे आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. मेहुणी सुईनं त्यांच्या तळहातातला काटा काढत होती. हात सुजून भाकरीसारखे झाले होते. भांडणाची जी पहिली ओळ मी वाटभर पाठ केली होती ती विसरलो.

"मुळं काढल्यावर परत येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक, तंबी?" डोळे न उघडता तेच म्हणाले.

"ठाऊक होतं. पण लोक टिकतील असं वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून तर तुला घेतलं."

मेहुणी हसली. मी चप्पल घातली आणि निघून आलो. वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा करायला लागलो. तो हलका पडतो, धूर निराळा, गिऱ्हाईक निराळं, सगळं पहिल्यापासून. पोट भरतं, पण पाय पसरून बसण्याचे दिवस गेले ते गेले. साडू मात्र दर आठवड्याला येत, वखारीच्या बाहेर मोपेड लावत, माझ्या कुंपणाखालचं गाजरगवत उपटत आणि आत न येता निघून जात. माझी बायको त्यांना बाहेरच कॉफी नेऊन देई. चिकोरी कमी घालून.

मग मेहुणी गेली. मुलगी आली आणि त्यांना ऑस्ट्रेलियाला घेऊन गेली. निघायच्या दिवशी ते वखारीत आले, हजेरीची वही आणि एक पहार माझ्या टेबलाशी ठेवली. म्हणाले, "बी दहा-दहा वर्षं जमिनीत जागं राहतं. पावसानंतर बघायला हवं." मी वही उघडली नाही, त्यांच्याकडे वर बघितलंही नाही. एक मोळी मोजत होतो. ती मी तीनदा मोजली.

पत्रं येतात. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे भाषा मराठी, लिपी तमिळ. तिथल्या मंडळींबरोबर ठरल्या दिवशी माळावर जातात म्हणे. हातानं आता खणवत नाही, म्हणून रोपं दाखवत फिरतात. त्यांच्या मते आपल्या बाभळींचं आपणच काही तरी करायला हवं. टोपी नवी घेतली की नाही ते लिहिलेलं नाही.

आणि इथं दर वर्षी पाऊस ओसरला की शेळ्यांच्या वाटेवर बोटभर रोपं उगवतात, गावातून निरोप येतो, मी शिव्या देत पहार घेतो आणि बसनं जातो. ज्या झाडाच्या जिवावर मी घर बांधलं ते झाड उगवू नये म्हणून वाकून उपटतो. बांधावर उभा राहून वहीतली सगळी नावं पुकारतो. शेवटचं नाव साडूंचं. त्यांचं तिथं घर नाही, जमीन नाही, तरी पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं ते लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं पुकारतो. पलीकडे पाण्यावर बगळे असतात, आणि ओ कुणी देत नाही.

नियम मी केलेला नाही, त्यांनीच केला आहे. न येणाऱ्यानं पुढच्या खेपेला बांधावर उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं कारण सांगायचं. त्यांच्या इतक्या खेपा चुकल्या. म्हाताऱ्याच्या पाठदुखीला मी सूट दिली नाही, यांना का द्यावी? त्यांनी यावं आणि सांगावं.