गुलाबी ओळी

इंग्लंडमधल्या एका मतदारसंघाच्या निवडणुकांचा सगळा इतिहास मला तोंडपाठ आहे, आणि तो मतदारसंघ आता नकाशावर नाही. मी इंग्लंडला कधी गेलेले नाही. दोहात अकरा वर्षं काढली, पण गाडीनं लांबात लांब गेले ती कतारच्या पश्चिम टोकाला, दुखानपर्यंत, आणि दुखानच्या पुढे समुद्रच आहे.

काम आलं ते दुखानवरूनच. नवऱ्याचे जुने साहेब तिथल्या तेल कंपनीच्या वसाहतीत राहतात. इंग्रज, बायको वारलेली, नोकरी संपूनही सल्लागार म्हणून थांबलेले. त्यांचं गाव ज्या मतदारसंघात होतं तो पुनर्रचनेत मोडला. थोडा शेजारच्याला जोडला, थोडा पलीकडच्याला, आणि नाव यादीतून गेलं. माझ्या माहेरचा मतदारसंघही असाच दोन तुकडे होऊन गेला होता आणि आमच्याकडे कुणी हूं की चूं केलं नव्हतं. साहेबांनी मात्र वह्या भरल्या. पहिल्या निवडणुकीपासून शेवटच्या निवडणुकीपर्यंत कोण उभं राहिलं, कुणाला किती मतं, कोण पडलं. ते सगळं त्यांना एक्सेलमध्ये नीट मांडून हवं होतं. माझ्या बायकोला येतं, असं नवऱ्यानं परस्पर सांगून टाकलं. येत होतं, म्हणून मीही काही बोलले नाही.

साहेब वहीच्या पानांचे फोटो पाठवायचे. लेकीची स्कूल बस गेली की दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी ते उतरवायची. महिन्यातून एका शनिवारी आम्ही दुखानला जायचो. साहेब चहा करायचे, बेताचाच, आणि मी तोवर केलेलं दाखवायची.

त्याच दिवसांत गावाकडे सासूबाई पायरीवरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. घरात सासरे, आणि पुण्यात दीर-जाऊ, दोघंही नोकरीवाले. फोनवर बोलणी सुरू झाली. कुणीतरी यायला हवं, असं पहिल्या आठवड्यात ठरलं. ते कुणीतरी म्हणजे मी, हे दुसऱ्या आठवड्यात ठरलं. लेक आठवीत, तिलाही बरोबर न्यायचं, साताऱ्याला चांगल्या शाळा आहेत. नवऱ्यानं इथंच थांबायचं, खोलीत दुसऱ्या कुणाबरोबर राहायचं. पगारी बाई ठेवण्याचा विषय निघाला आणि परक्या बाईचा हात सासूबाईंना चालायचा नाही म्हणून मिटला. हे सगळं माझ्यासमोर बोललं जायचं. मी पोळ्या लाटत असायची.

खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत काही वाटत नव्हतं. राग यायला हवा होता, तोही येत नव्हता. एकदा वरणाला फोडणी द्यायचीच राहिली. मी तसंच वाढलं, दोघांनी तसंच खाल्लं, आणि आपण काय खाल्लं हे तिघांपैकी कुणालाही कळलं नाही.

जुन्या काळच्या निवडणुका उतरवताना काही वर्षांपुढे मतांचे आकडेच नव्हते. एकच नाव, आणि पुढे साहेबांच्या बारीक अक्षरात 'अनअपोज्ड'. बिनविरोध. असं बऱ्याचदा होतं, कधी कधी तर ओळीनं. मला आपलं कौतुक वाटलं. आमच्याकडे गाव बिनविरोध झालं की गुलाल उधळतात, चौकात बॅनर लागतो, पुढारी सत्काराला येतात. गावात एकी आहे, भांडणं नाहीत, असा त्याचा अर्थ. म्हणून मी त्या सगळ्या ओळींना छान गुलाबी रंग दिला. लांबून पाहिलं तरी कळावं, की ही गावाची चांगली वर्षं.

पुढच्या शनिवारी साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, हा रंग कशाचा? मी सांगितलं, गुलालही समजावून सांगितला. इतकं एकीचं गाव, म्हणून अभिनंदनही केलं. साहेब हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि संथपणे सांगितलं, ऑफिसात समजावतात तसं. त्या गावात दोन बडी घराणी होती. निवडणूक आली की दोघं एका जेवणाच्या टेबलावर बसायची आणि या खेपेला कुणाचा माणूस ते ठरवायची. मग गावाला कळवलं जायचं.

"त्या वर्षांत कुणी मत दिलंच नाही," ते म्हणाले. "त्यांना कुणी विचारलंच नव्हतं."

मग त्यांनी शेवटची वही काढली. मतदारसंघ मोडायच्या थोडं आधी त्यांचे वडील तिथून उभे राहिले होते. पडले, सपाटून, अनामतही गेली. गावात पुष्कळ दिवस चेष्टा झाली. पण त्यांच्या नावापुढे आकडा आहे, साहेब म्हणाले, आणि त्या आकड्यावर बोट ठेवून बसले. एवढ्या वह्या कशासाठी भरल्या ते मला तेव्हा कळलं.

परतताना नवऱ्यानं विचारलं, काय झालं, इतकी गप्प का? मी म्हटलं, रंग चुकला. तो म्हणाला, बदल मग, त्यात काय.

मला माझी आई आठवत होती. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत बाईची जागा निघाली तेव्हा भावकीनं बसून आईचं नाव घातलं. वडिलांनी एक कागद आणून इथं सही कर म्हटलं, तिनं केली. आठ दिवसांनी दळण घेऊन येताना चौकात तिला बॅनर दिसला. माझ्या मावशीच्या लग्नातला फोटो, नाकात नथ, खाली 'बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन'. आपण निवडून आलोय हे आईला तिथं कळलं. ही गोष्ट आम्ही घरात पाहुण्यांना हसून हसून सांगायचो. आईही हसायची. पाच वर्षं ती सभेला गेली नाही, वहीवर सह्या मात्र घरबसल्या करत राहिली.

सोमवारी मी त्या गुलाबी ओळींचा रंग काढला. एकेक ओळ पांढरी करत गेले. लेकीला विचारायचं राहिलंय, हे तेव्हा लक्षात आलं. मलाच कुणी विचारलं नाही म्हणून शनिवारपासून मी मनात धुसफुसत होते, आणि मी तरी तिला कुठं विचारलं होतं? ती शाळेतून आल्यावर विचारलं, तुला जायचंय का गं? आमची लेक मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. तिनं इंग्रजीतच विचारलं, की मी नाही म्हटलं तर काही बदलणार आहे का? मी म्हटलं, बहुतेक नाही. ती खांदे उडवून आत गेली.

शुक्रवारी सकाळी व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर एका चौकटीत सासूबाई आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, दुसरीत दीर-जाऊ. इकडे नवरा आणि मी. लेक स्वयंपाकघराच्या दारात दुधाचा पेला घेऊन उभी. परीक्षा संपली की निघायचं, इन्शाल्ला, दिवाळीला भेटूच, असं नवरा सांगत होता. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची हयात साखर कारखान्याच्या निवडणुकांत गेलेली. मतमोजणीला टेबलावर बसले की पाणी प्यायलाही उठायचे नाहीत, असं गावात सांगतात.

"चला," ते म्हणाले, "बिनविरोध झालं म्हणायचं."

"नाही आप्पा," मी म्हटलं. "माझा विरोध आहे. तो धरा."

आवाज नेहमीचाच निघाला, भाजीला मीठ कमी आहे सांगावं तसा. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. जाऊबाईंनी कॅमेऱ्यासमोरून तोंड बाजूला केलं. दिरांना हसू आलं. ते म्हणाले, वहिनी, बरं, पाच विरुद्ध एक.

"दोन," दारातून लेक म्हणाली. मराठीत.

मला वाटलं आप्पा चिडणार. पण ते जरा पुढं सरकले, त्यांचं कपाळ तेवढं पडद्यावर मोठं दिसायला लागलं.

"पाच विरुद्ध दोन," ते म्हणाले. चेष्टेचा सूर नव्हता. मोजणीच्या टेबलावर म्हणत असतील तसंच म्हणाले.

आम्ही हरलो. तिकिटं परीक्षेनंतरची निघाली. नवऱ्यानं दोहातच फरीज बिन ओमरान भागात एका सहकाऱ्याच्या खोलीत जागा बघितली. लेकीच्या शाळेत दाखल्याचा अर्ज दिला. साहेबांना मी पूर्ण झालेला तक्ता पाठवला. त्यांनी आभार मानले आणि पांढऱ्या ओळी पाहिल्या असं कळवलं. सासूबाईंवर माझा राग नाही, त्यांचं दुखणं खरंच आहे. मी जाईन आणि त्यांचं सगळं करीन, हेही मला ठाऊक आहे. परवा सुटकेसमध्ये लेकीची पुस्तकं भरताना वजन जास्त झालं म्हणून अर्धी काढली, तेव्हाही मला काही वाटलं नाही.

काल आईला फोन केला. तारीख सांगितली, आणि सहज बोलता बोलता त्या शुक्रवारचंही सांगितलं. विरोध आहे म्हटलं, तोंडावर, सगळ्यांसमोर. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आणि धरला त्यांनी?" तिनं विचारलं.

"धरला," मी म्हटलं, आणि तेव्हा मला रडू आलं.