झुडपं मोजणारा म्हातारा

मुलाकडे जर्मनीला गेले तेव्हा त्यानं आणि सुनेनं मला आल्प्सवर नेलं. वर उंच झाडं संपली की पाइनची गुडघ्याएवढी झुडपं जमिनीवर लोळलेली असतात. तिथे एक म्हातारा एकटाच मोजायच्या टेपशी झटापट करत होता. न विचारता मी टेपचं टोक धरलं.

"एवढं खुरटं कशाला मोजायचं?" मी म्हणाले.

सुनेनं त्याला जर्मनमध्ये विचारलं. "आई, हे त्यांच्याहून वयानं मोठं आहे म्हणे. वर्षाला पेरभर वाढतं. टोक त्यांची बायको धरायची. ती गेल्यापासून मोजणं बंदच होतं. पुढच्या वर्षी याल का, विचारताहेत."

"नाही म्हणून सांग."

खोटी आशा कशाला लावू?

त्यानं मान हलवली आणि टोक माझ्याच हातात ठेवून पुढच्या झुडपाकडे निघाला.